वजनकाट्याचा व्हीलॅन

साखर कारखान्याच्या नेटवर्कची आखणी माझी होती. त्यात विभागांना वेगवेगळी आभासी नेटवर्कं, म्हणजे व्हीलॅन, दिली होती: हिशेब विभागाला व्हीलॅन १०, वजनकाट्यांना २०. एकाच स्विचला जोडलेले असले तरी वेगळ्या व्हीलॅनमधले संगणक एकमेकांना दिसत नाहीत. त्यांना बोलायचं तर मध्ये राउटिंग करणारं कोणीतरी लागतं. पूर्वी त्यासाठी राउटरला एकच केबल लावून तिच्यावर प्रत्येक व्हीलॅनचा सब-इंटरफेस करत. आमच्याकडे लेयर ३ स्विच होता. त्यात प्रत्येक व्हीलॅनला एक आभासी इंटरफेस असतो, एसव्हीआय. त्याचा पत्ता हाच त्या व्हीलॅनमधल्या संगणकांचा गेटवे. काट्यावर नोंदलेलं वजन २० च्या गेटवेवर यायचं आणि तिथून १० मधल्या सर्व्हरवर जायचं.

गाळप हंगाम भरात असताना काट्यांवर कॅमेरे बसवायचं ठरलं. त्यांच्यासाठी मी व्हीलॅन ३० केला. काट्यावरचा छोटा स्विच मुख्य स्विचला ट्रंकने जोडलेला होता. ट्रंकवर एका तारेतून अनेक व्हीलॅन जातात, कारण ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेमला ४ बाइटचा टॅग लागतो आणि त्यात व्हीलॅनचा क्रमांक असतो. कोणते क्रमांक जाऊ द्यायचे, याची यादी ट्रंकवर असते. त्या यादीत ३० घालायचा होता. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी ‘अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ असं लिहावं लागतं. मी ‘ॲड’ लिहिलं नाही. त्यामुळे ३० यादीत मिसळला नाही, तर जुनी यादी पुसून एकटा ३० उरला.

काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला, “साहेब, पावती निघत नाही.” मी मुख्य स्विचवरून सर्व्हरला पिंग केलं, उत्तर आलं. २० चा एसव्हीआय चालू दिसत होता. तो चालू होता तो दुसऱ्या काट्याच्या ट्रंकमुळे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी त्यांना सांगितलं, “तुमचा कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा.” मग सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. माझ्या कामात दोष असेल, हा विचार मी सर्वांत शेवटी केला.

तोवर क्लार्क वजनं वहीत लिहून घेत होते. भरलेल्या ट्रॉल्या रांगेत होत्या आणि गव्हाणीत ऊस टाकून आलेल्या रिकाम्या गाड्याही टेअर वजनासाठी अडकल्या होत्या. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. ते नुकसान कोणाच्याही हिशेबात लिहिलं जात नाही. शेवटी ट्रंकची यादी उघडून पाहिली, १० आणि २० परत घातले आणि पावत्या निघू लागल्या. क्लार्कना मी नंतर भेटून सांगितलं, की बिघाड तुमच्या संगणकात नव्हता, मीच केला होता. फोन आल्याबरोबर त्यांच्या टेबलावर जाऊन त्यांच्या संगणकावरून गेटवेला पिंग करायला हवं होतं. मुख्य स्विचला सर्व्हर दिसतो, एवढ्यावरून काट्यावरून जाणारी वाट मोकळी आहे हे कळत नाही.

दुसरी चूक कोणाला जाणवलीच नाही, म्हणून मी ती जास्त गंभीर मानतो. कामाच्या अहवालात मी लिहिलं होतं, ‘हिशेब विभाग स्वतंत्र ठेवला आहे.’ व्हीलॅन वेगळे होते, हे खरं. पण स्विचवर राउटिंग चालू केलं की एसव्हीआय असलेले सगळे व्हीलॅन एकमेकांपर्यंत पोचतात. अडवायचं असेल तर नियम, म्हणजे ॲक्सेस लिस्ट, आपण लिहायची असते. मी एकही लिहिली नव्हती. कॅमेऱ्याची केबल काढून लॅपटॉपला लावली, तेव्हा हिशेबाचं सामायिक फोल्डर उघडलं. त्यात शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे क्रमांक होते. काट्याच्या भिंतीवरची ती केबल कोणाच्याही हाताला लागली असती.

घाईने ३० कडून १० कडे जाणारं सगळं बंद केलं, तर १० मधल्या कार्यालयात कॅमेऱ्यांचं चित्रच दिसेना. साधी ॲक्सेस लिस्ट संभाषण लक्षात ठेवत नाही. कार्यालयातून गेलेल्या मागणीला कॅमेऱ्याने दिलेलं उत्तरही ती अडवते. आधीच जुळलेल्या टीसीपी जोडणीच्या उत्तरांना वेगळी परवानगी द्यावी लागली. व्हीलॅन २० लाही सर्व्हरच्या फक्त लागणाऱ्या पोर्टपुरती वाट ठेवली.

तुमच्या कारखान्यात, बँकेत किंवा पतसंस्थेत असं काम झालं असेल, तर ते करणाऱ्याकडून एक कागद मागून घ्या: कोणत्या व्हीलॅनमधून कुठे जाता येतं आणि कुठे नाही. मग त्याला समोर बसवून कॅमेऱ्याच्या केबलला लॅपटॉप लावून दाखवायला सांगा.