मेणवलीचा काळा दगड

वाईक्षेत्राचीं वर्णनें आजवर इतक्यांनीं लिहिलीं आहेत, कीं ढोल्या गणपति, कृष्णाबाईचे घाट आणि पलीकडचा पांडवगड यांचें चित्र पुन्हा एकदां काढण्याचें मला कांहींच प्रयोजन दिसत नाहीं. मी स्वतः लहानपणापासून ह्या गांवीं निदान दहा-बारा वेळां जाऊन आलों आहें. तरीहि सन २०२४ च्या भाद्रपदांत, गणपतीचें विसर्जन झाल्यावर, जे दोन दिवस तिकडे काढले त्यांत मला असें कळून आलें, कीं इतक्या खेपांत मीं देव पाहिला, देऊळ पाहिलें, पण ज्या दगडाचें तें देऊळ आहे तो दगड कांहीं पाहिला नव्हता. तो मला दाखविला माझ्या पुतणीनें. आणि तीहि तेथें दर्शनासाठीं आली नव्हती, एक अपयश धुऊन काढण्यासाठीं आली होती.

तिची हकीकत थोडक्यांत सांगतों. माझ्या वडील बंधूंची ही धाकटी मुलगी वास्तुकलेची पदवीधर. एका कचेरींत दीड वर्ष नकाशे काढल्यावर तिनें एके दिवशीं राजीनामा दिला, आणि संगणकावरील खेळांसाठीं स्थळें रंगविण्याची विद्या शिकावयाची असें घरीं जाहीर केलें. 'खेळ' हा शब्द ऐकतांच दादांच्या कपाळाला आंठी पडली. इतरांचें मन तिनें एका युक्तीनें वळविलें. पुण्यांतच नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनीं तयार केलेला 'राजी' नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील राजस्थानी धाटणीचे महाल, आणि भिंतींवर दुर्गा व विष्णु यांच्या कथा सांगणारीं चित्रें तिनें सर्वांना बसवून दाखविलीं. वहिनींनीं तर एका चित्रापुढें नकळत हात जोडले. दादा मात्र बधले नाहींत. अखेर एक वर्षाची मुदत ठरली. दिवाळीपर्यंत कोठें काम मिळालें तर उत्तम. नाहींतर पुन्हा नकाशे.

ही विद्या म्हणजे काय, हें समजावयास मला बरेच दिवस लागले. वाचक भगिनींना तें एका क्षणांत समजेल, कारण तें बरेंचसें शिवणकामासारखें आहे. संगणकांत आधीं खांबाचा, पायरीचा किंवा घंटेचा नुसता आकार घडवितात. तो कच्च्या मडक्यासारखा ओकाबोका असतो. मग चोळीचे टाके उसवून खण जसा पाटावर सपाट पसरावा, तसा त्या आकाराचा पृष्ठभाग उलगडून सपाट करतात, त्यावर चित्र काढतात, आणि तो पुन्हा होता तसा अंगावर चढवितात. शिवण कोठें घ्यावयाची आणि ती काखेंत कशी लपवावयाची, ह्याचा विचार येथेंहि करावाच लागतो. ह्या चित्रास आपण पोत म्हणूं.

पण एका चित्रानें भागत नाहीं. एकांत केवळ रंग. त्यांत ऊन नाहीं, सावली नाहीं. दुसरें काळेंपांढरें, तें पृष्ठभाग कोठें गुळगुळीत व कोठें खरखरीत हें सांगतें: जितकें काळें तितकें तुळतुळीत. तिसरें मोठें चमत्कारिक, फिकट जांभळ्या-निळ्या रंगाचें. त्यांतील प्रत्येक बिंदूचा रंग त्या ठिकाणचा पृष्ठभाग कोणीकडे व किती कलला आहे हें सांगतो, आणि त्यावरून संगणक उजेड असा पाडतो कीं सपाट भिंतीवर टाकीचे घाव उमटल्याचा भास व्हावा. आकारावर चित्र चढविण्याची मूळ युक्ति अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत एडविन कॅटमल यांनीं १९७४ सालीं मांडली. खोटे उंचवटे दाखविण्याची युक्ति जेम्स ब्लिन यांची, १९७८ सालची. केन पर्लिन ह्या गृहस्थांनीं १९८२ च्या 'ट्रॉन' ह्या चित्रपटासाठीं काम केलें होतें. यंत्राच्या चित्रांतील कोरा गुळगुळीतपणा त्यांना इतका खुपला, कीं निव्वळ गणितानें ढगांचे, संगमरवराचे व लांकडाचे वेडेवांकडे डाग निर्माण करण्याची रीति त्यांनीं शोधून काढली व १९८५ सालीं प्रसिद्ध केली. कोरेपणाचा कंटाळा हा ह्या धंद्याच्या मुळाशींच आहे तर!

ऑगस्टांत पुतणीनें एका देवळाच्या प्रांगणाचें चित्र पुरें करून एका कंपनीकडे धाडलें. आठ दिवसांत नकार आला. तिच्या प्रांगणांतील सर्व गोष्टी सारख्याच जुन्या दिसतात, एवढी एक ओळ त्यांत कामाची होती. दोन दिवस ती जेवणाच्या पानावरहि गप्प होती. तिसऱ्या दिवशीं तिनें मला आपली चूक उघडून दाखविली. दगडांचे पोत तिनें तयार संग्रहांतून उचलले होते. ते परदेशांतील खडकांचे होते. आणि जुनेपणा आणण्याचें काम तिनें यंत्रावर सोडलें होतें. यंत्राला 'कडा झिजव' म्हटलें कीं तें दिसेल ती कड झिजवितें, आणि 'शेवाळ लाव' म्हटलें कीं दिसेल त्या फटींत शेवाळ लावतें.

"काका, ह्या पायऱ्यांवरून कोणी कधीं चाललेंच नाहीं," ती म्हणाली. "मला एकदां खऱ्या पायऱ्या बघायच्या आहेत. तुम्ही याल?"

मी निवृत्त मनुष्य. मला नाहीं म्हणावयास कारणच नव्हतें. सकाळीं पुणें सोडलें, खंबाटकी ओलांडली, सुरूरला उजवीकडे वळलों, आणि वाईंत एका स्नेह्यांकडे पिशव्या टाकून अकराच्या सुमारास मेणवलीस पोंचलों. बरोबर कॅमेरा, तिपाई, करड्या रंगाचा एक पुठ्ठा, फूटपट्टी आणि वहिनींनीं दिलेला दशम्यांचा डबा.

मेणवली हें नाना फडणविसांचें गांव. त्यांचा अनेक चौकांचा वाडा अजून उभा आहे, आणि वाड्यामागें पायऱ्यांचा रुंद घाट कृष्णेंत उतरतो. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें देऊळ. आणि एका लहानशा दगडी मंडपींत ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा, जिच्यावर बाल येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली तेव्हां तिकडून ज्या घंटा देशावर आल्या त्यांतलीच ही. 'स्वदेस' ह्या २००४ सालच्या चित्रपटांत हा घाट दिसल्यापासून पुष्कळ लोक येथें येतात ते त्या ओळखीनें. आम्ही गेलों तेव्हां सुदैवानें कोणी नव्हतें. आभाळ भरून आलेलें, नदी गढूळ, आणि सगळा घाट पावसाळ्यानें नुकताच धुऊन ठेवलेला.

मला वाटलें होतें, ती आल्याबरोबर छायाचित्रें घेऊं लागेल. तिनें कॅमेरा पिशवींतून काढलाच नाहीं. वही घेऊन ती पायरीवर बसली, आणि जेथें जेथें दगडाचा रंग बदलला होता तेथें तेथें बोट ठेवून 'कां?' असें लिहूं लागली.

हा आपला काळवत्री दगड. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक निवत गेले आणि दख्खनचें पठार झालें. रसांत कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांचीं बारीक भोकें दगडांत राहिलीं. आपण त्याला काळा म्हणतों. पण तो काळा नाहींच. कोरडा असतां तो करडा, कोठें तांबूस, कोठें हिरवट. पायरीच्या उभ्या तोंडावर पाथरवटाच्या टाकीचे तिरपे घाव जसेच्या तसे होते, आणि आडव्या अंगावर पार पुसले होते. उभ्या तोंडावर कोणी पाय देत नाहीं. कड मधोमध गोल झाली होती, आणि भिंतीशीं मात्र हाताला लागेल इतकी धारदार. लोखंडी कडीखालीं गंजाचा ओघळ दगडावरून सरळ खालीं उतरला होता. वर त्याचा मागमूस नव्हता. जेथें पाय पडत नाहीं आणि ऊन भरपूर लागतें अशा उंच दगडांवर पांढुरके वाटोळे डाग होते. आपण गोड्या मसाल्यांत घालतों त्या दगडफुलाचीं हीं भावंडें. शेवाळ दिसेल त्या फटींत नव्हतें. जेथें पाणी मुरतें आणि ऊन पोंचत नाहीं त्याच फटींत होतें.

खालच्या पायऱ्यांवर एक वृद्ध बाई धुणें धूत होत्या. पुतणी पाण्याकडे उतरूं लागतांच त्या ओरडल्या, "पोरी, तिथं पाय नको ठेवूंस!" पुतणीनें हिरव्यागार शेवाळाला वळसा घालून मुद्दाम स्वच्छ काळ्या दगडावर पाय टाकला होता. बाई हंसल्या. "हिरवं हाय तिथं न्हाई सरत पाय. काळं चमकतंय न्हवं, तिथं सरतो. ह्या धोंड्यावर माझ्या सासूनं धुणं धुतलंया, तिच्या सासूनंबी."

पुतणी तेथेंच उकिडवी बसली. तिनें त्या दगडावर तळहात फिरविला, मग शेजारच्यावर, मग पुन्हा त्यावर. नंतर मला म्हणाली, "काका, मी रंग बघत होतें. ह्या दोन दगडांचा रंग एकच आहे. फरक सगळा दुसऱ्या चित्रांत आहे." म्हणजे गुळगुळीत-खरखरीताच्या चित्रांत. ज्यावर पुस्तकांतील दहा पानें मला पुरलीं नव्हतीं तें त्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें होतें, आणि तेंहि पोरीचा पाय मोडूं नये एवढ्याच हेतूनें.

मग कॅमेरा निघाला. धुण्याच्या त्या एका दगडाचीं तिनें दोनशेंहून अधिक छायाचित्रें घेतलीं. प्रत्येक छायाचित्राचा बराचसा भाग पुढच्यांत यावा लागतो, तेव्हां संगणक त्यांवरून आकार जुळवितो. ढगाळ दिवस हवा तो ह्यासाठीं, कीं उन्हाची सावली एकदां चित्रांत आली कीं ती खेळांतील रात्रीहि तेथेंच राहते. करडा पुठ्ठा शेजारीं धरावयाचा, म्हणजे खरा रंग कोणता हें मागून ठरवितां येतें. मी पुठ्ठा धरला. चारच्या सुमारास सर आली. मी मंडपींत पळालों, आणि ती मात्र छत्री कॅमेऱ्यावर धरून तेच दगड पुन्हा टिपीत राहिली. ओला दगड अधिक काळा होतो, कारण पाणी त्याच्या छिद्रांत शिरतें. आणि तोच दगड आरशासारखा चकाकतो, कारण पाण्यानें खडबड झांकली जाते. पण तेथें एक गंमत झाली. धुण्याचा दगड भिजला तरी फारसा बदलला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्याचीं छिद्रें जणूं बुजलींच होतीं.

त्या दिवशींचें सर्वांत देखणें छायाचित्र तिनें रात्रीं टाकून दिलें, ह्याचें मला वाईट वाटलें. पायरीवर दगडफुलाची एक सुंदर चंद्रकोर होती. "तीच चुकीची," ती म्हणाली. "हा चौकोन भिंतीवर वीस वेळां जोडला जाणार. वीस चंद्रकोरी दिसल्या कीं डोळा लगेच ओळखतो." जोडपोतासाठीं जो दगड नजरेंत भरत नाहीं तोच चांगला, चंद्रकोर काढावयाची तर वेगळी, एकदांच, हातानें.

दुसऱ्या दिवशीं वाईंत ढोल्या गणपतीच्या देवळामागची माशाच्या आकाराची भिंत पाहिली. पुराचा लोट फांकावा म्हणून ती तशी बांधलेली; मीं आजवर तिला केवळ प्रदक्षिणा घातली होती. काशीविश्वेश्वराच्या नंदीचें वशिंड हातांनीं किती तुकतुकीत झालें आहे, तेंहि टिपलें. अधिक सांगत नाहीं. एक तक्रार मात्र नोंदवितों. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं काळ्या दगडावर झगझगीत तैलरंग फांसण्याची हौस आपल्याकडे गांवोगांव बोकाळली आहे. पाथरवटाचे घाव, शेंदराचे थर, हातांची झीज, सगळें एका डब्यांत बुडतें. मी तें पूर्वीं अशोभनीय समजत असें. आतां तें मला पोथीवर शाई ओतण्यासारखें वाटतें.

पुण्यास आल्यावर तीन आठवडे तिच्या खोलींतला दिवा मध्यरात्रीपर्यंत जळत असे. नवरात्रांत एके संध्याकाळीं तिनें आम्हांला नवें प्रांगण दाखविलें. पायऱ्या ओळखूं आल्या. मीं तर त्या काळ्या दगडाजवळ मनांतल्या मनांत पाय सावरला. वहिनी बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अग, ही दिवळी ना? मग हिच्यावर काजळी कोठें आहे?"

पुतणी गप्प राहिली.

"रोज दिवा लागत असेल तर ज्योतीच्या वर भिंत काळी होते, निमुळती होत जाते. आणि खालीं तेल ओघळतें. त्या तेलावर धूळ बसते, तें कितीहि घांसलें तरी निघत नाहीं. ह्या दिवळींत कधीं दिवा लागलेला नाहीं."

तिनें वही काढली आणि वहिनींना शेजारीं बसवून घेतलें. रात्रीं अकरापर्यंत दोघी काजळीचा उंचपणा ठरवीत होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं तें काम तिनें त्याच कंपनीकडे व आणखी दोन ठिकाणीं धाडलें.

दिवाळी आली तरी कोणाचेंच उत्तर नव्हतें. पाडव्याला मुदतीचा विषय निघेल म्हणून आम्ही सगळे जपून बोलत होतों. दादांनीं तो काढला नाहीं. जेवण झाल्यावर चष्मा पुशीत ते तिच्या खोलींत गेले, पडद्यासमोर उभे राहिले, आणि घाटाच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाले, "पाण्याच्या दोराची झीज कोठें दिसत नाहीं हिच्यांत. साताऱ्याकडे लिंबला बारा मोटांची विहीर आहे. तेथल्या दगडांवर असेल. रविवारसाठीं मीं गाडी सांगितली आहे."