पिशवीतले तास

नवे मासे टँकमध्ये सोडण्याआधी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, एवढं आता बहुतेकांना माहीत असतं. त्यानं दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान सारखं होतं, बाकी काही होत नाही. मी मात्र आधी एकच गोष्ट विचारते: मासे पिशवीत किती वेळ होते? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गेल्या हिवाळ्यात कोलकात्याहून नियॉन टेट्रा मागवले. थर्मोकोलचा खोका पुण्यात घरी पोचेपर्यंत एक अख्खी रात्र आणि वर बराचसा दिवस उलटला होता. दिवे मालवून खोका उघडला. दुहेरी पिशवी, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. बारके मासे अडकून मरू नयेत म्हणून खालचे कोपरे रबर लावून बांधलेले. अंधारातल्या प्रवासानं त्यांचा निळा पट्टा पार विझला होता, पण कल्ले एका लयीत हलत होते. ते पाहून जिवात जीव आला.

अशी पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसणं धोक्याचं असतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. कल्ल्यांवाटे बाहेर पडलेला अमोनियाही त्याच पाण्यात असतो, पण पीएच कमी असेपर्यंत तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि त्याचा त्रास कमी होतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि त्या अमोनियमचं पुन्हा अमोनियात रूपांतर होऊ लागतं. तो कल्ले जाळतो. प्रवासातून सुखरूप आलेला मासा घरी आल्यावर दगावतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून तयारी आधीच करून ठेवली होती. पाठवणाऱ्याकडून त्यांच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि पीएच फोनवर विचारून घेतला होता. आमचं बोअरचं पाणी चांगलंच जड, त्यांचं हलकं. आरओच्या पाण्यात बोअरचं थोडं थोडं मिसळत, मीटर बुडवून बघत, छोट्या टँकमधलं पाणी त्यांच्या पाण्याच्या जवळ आणलं. त्यात लावलेला स्पंज फिल्टर कित्येक आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवलेला होता, त्यामुळे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात आधीच वसलेले होते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवली, मग उघडली आणि लगेच जाळीनं मासे उचलून आत सोडले. पाणी जड करत नेण्याचं काम पुढच्या दिवसांत, सावकाश.

जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशांची गोष्ट वेगळी. तिथे थेंब पद्धतच चांगली. मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्यायचे, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकमधलं पाणी थेंबथेंब सोडायचं आणि बादलीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत थांबायचं. महापालिकेच्या नळाचं पाणी वापरत असाल, तर आधी क्लोरीन घालवलेलं हवं.

दुकानातलं पाणी टँकमध्ये कधीही ओतायचं नाही. त्यातून औषधं येतात, परजीवी येतात. रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसेपर्यंत रोग टँकभर पसरलेला असतो. म्हणून नवे मासे तीन-चार आठवडे वेगळेच. पहिल्या दिवशी खाणं नाही, पहिल्या रात्री दिवा नाही. पट्ट्याचा निळा रंग परत आला, मासे कळपानं फिरू लागले, तरी मी मुदत पुरी करते.

घरात दुसऱ्या छोट्या टँकला जागा नसेल, तर ती होईपर्यंत नवे मासे घेऊ नका. आणि घ्याल तेव्हा किमतीआधी त्यांच्या पाण्याची चौकशी करा.