दोन दारांच्या गाड्या

आमच्या ह्यांना ना पानाचं व्यसन ना पत्त्यांचं. हौस एकच. गाडी लहान हवी, बसकी हवी आणि पळणारी हवी. आंब्याच्या पेट्या किती मावतात यावर गाडीची पारख करणाऱ्या आमच्या कणकवलीत हा शौक म्हणजे टिंगलीला आमंत्रणच!

पहिली आली १९७५ साली, जुनी स्टँडर्ड हेरल्ड. तेलटंचाईमुळे पेट्रोल भडकलेलं, म्हणून स्वस्तात मिळाली. मद्रासला बनलेली, दारं दोनच. इंग्लंडात हेरल्डच्याच सांगाड्यावरून १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार निघाली, हे ह्यांनी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलं की चहा गाळता गाळता मलाही पाठ झालं. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "दोनच दारां? माका काय डिकीत घालतलात?" मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, नऊवारी सावरत, वाकून शिरायचं. त्यांचं काय चुकलं?

तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडायचं. हे चाकावर बसून इंजिनात डोकं घालत आणि मी पाने हातात देत उभी. अशीच कधीतरी चालवायलाही शिकले. जानवलीच्या रस्त्यावर, पहाटे, लोक उठायच्या आत.

१९७९ च्या श्रावणात एका रात्री मामंजींच्या छातीत दुखू लागलं. हे मुंबईला. डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला न्या. पाऊस कोसळत होता. भाड्याची गाडी मिळेना. मामंजींना पुढे बसवलं, सासूबाई मुकाट मागे शिरल्या, आणि मी फोंडाघाट चढू लागले. हेरल्ड एवढ्याशा जागेत वळते अशी तिची ख्याती होती. त्या रात्री ती कामाला आली. बाकी वायपरचा आवाज आणि सासूबाईंचा जप, एवढंच आठवतं. दाजीपूर गेल्यावर मामंजींनी हळूच विचारलं, "दमलंस गो?" ते पुढे अकरा वर्षं जगले.

त्यानंतर घरातल्या खिळ्यावरची किल्ली मी कुणाला न विचारता घेऊ लागले.

१९८६ ला मारुती ८०० आली. शहाणी गाडी, सोळा वर्षं तक्रार नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

२००२ साली हे निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून सॅन स्टॉर्म घेऊन आले. दारं दोन आणि आसनंही दोनच! वर कापडी छप्पर. ते पैसे मी घराच्या कौलांसाठी धरले होते. आठ दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. 'अंग फायबरचं आहे, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्यासारखं गंजणार नाही,' हा त्यांचा मुद्दा तेवढा पटण्यासारखा होता.

पहिल्या फेरीला मात्र शहात्तर वर्षांच्या सासूबाई आपणहून पुढे येऊन बसल्या. कसालच्या पुढे छप्पर उघडलं. त्यांनी पदर कानांवरून घट्ट बांधला आणि मला म्हणाल्या, "जरा जोरात घे गो!"

आता सासूबाईही नाहीत आणि हेही नाहीत. पंधरा वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. २०२२ साली तपासणीला ओरोसला मीच घेऊन गेले. तिथल्या तरुण साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं, मी उघडून दिलं. कागदावर मालक म्हणून आता माझं नाव आहे. पुढची तारीख २०२७ ची. लेक म्हणते, "आई, विकून टाक." बघू.