तार लागते कुठे?

गिटार दुकानात आली ती चार जणांच्या संतापासकट. मार्चचा शेवटचा आठवडा, नारायण पेठेतली माझी दहा बाय बाराची खोली, वर कुरकुरणारा पंखा आणि टेबलावर ती काळी केस. ती उघडायच्या आत मला सगळं ऐकवून झालं होतं. कोणा एका परीक्षकाने ही गिटार तीन आठवडे ठेवून घेतली, वाजवली आणि निकाल दिला: तारा खरखरतात, फ्रेटची टोकं बोटांना बोचतात, काम कच्चं आहे. हाताने केलेली म्हणून एवढे पैसे कशाला मोजायचे, कारखान्यातली याहून बरी. ‘बुटीक’ हा नुसता किंमत वाढवायचा शब्द.

गिटार ज्याची, तो चौघांत सगळ्यांत लहान. दोन वर्षं पैसे साठवून आणि वर दीड वर्ष वाट पाहून त्याने ती गोव्यातल्या एका कारागिराकडून करवून घेतली होती. हा कारागीर एकटा काम करतो, वर्षाला सात-आठ गिटारींच्या वर जात नाही. माझा जुना दोस्त आहे. त्यामुळे मी कोणाच्या बाजूने बोलणार, हे मंडळींनी गृहीतच धरलं होतं.

“दादा, त्या माणसाला शिसवी लाकूड कशाशी खातात तेही माहीत नाही!”

“कारखान्यात लाकूड भट्टीत वाळवतात. हे वीस वर्षं नुसतं हवेवर वाळलंय.”

“आणि पॉलिश बघा ना. श्वास घेतं ते.”

चौथे जरा वयस्क. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये उमेदीची वर्षं काढलेले, आता पुण्यात शिकवतात. सगळे त्यांना काका म्हणतात. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. बाकीचे दमल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तारा कुठल्या होत्या रे?”

त्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला हा एकुलता एक कामाचा प्रश्न.

तारा बदललेल्या होत्या. मुलाने गिटार दिली तेव्हा तिच्यावर बाराचा सेट होता, म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंचाची. परत आली ती दहाच्या सेटवर. परीक्षकाला बारीक तारांची सवय असणार, बोटं दुखली असतील, बदलल्या. त्यात गुन्हा काही नाही. पण बाराच्या सहा तारा मिळून नेकला साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोंनी ओढत असतात. नेकच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती उलट्या बाजूने ओढते. या ओढाताणीत नेकला पुढे अगदी बारीकसा बाक ठेवलेला असतो. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबला तर मध्ये सातव्यावर व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट. तार कंप पावते तेव्हा तिचं पोट मधोमध जास्त फुगतं, तिला ती जागा लागते. दहाच्या तारा लावल्या की दहा-बारा किलोंचा ताण कमी झाला, सळई जिंकली, नेक सरळ झाला, फट गेली. तार फ्रेटला लागणारच. केस उघडून मी फट पाहिली. कार्ड सोडा, सिगारेटचा कागद जाईना.

अर्थात तेवढंच नव्हतं. मी पोलादी पट्टी ब्रिजच्या मागे पुढच्या पाटीवर आडवी ठेवली. या पाटीला करतानाच थोडा फुगवटा दिलेला असतो, पट्टी मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलायला हवी. डुलली नाही. दोन्ही कडांवर टेकली आणि मधून उजेड दिसला. पाटी बसली होती. मग फ्रेटबोर्डच्या कडेवरून अंगठा फिरवला. टोकं बोचत होती खरी, पण कोणी घासायची विसरल्यासारखी नाही. ती करकरीत गोल घासलेली होती आणि तरी बाहेर आलेली होती. धातू वाढत नाही. लाकूड आकसलं होतं.

चांगला कारागीर आपल्या खोलीत हवेतला ओलावा ४५ ते ५० टक्क्यांवर राखतो. गोव्यात तर त्यासाठी पाणी ओढून घेणारं यंत्र बाराही महिने चालू ठेवावं लागतं. त्या हवेत चिकटवलेली, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची पाटी मार्चच्या पुण्यात आली, जिथे दुपारी ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो. तिथून ती दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत तीन आठवडे केसबाहेर स्टँडवर उभी राहिली. तिने पाणी सोडलं. पाटी बसली, तिच्याबरोबर ब्रिज खाली गेला, त्याच्याबरोबर तारा. परीक्षकाने जे ऐकलं ते खोटं नव्हतं, त्याने ते लिहून ठेवलं भलत्याच्या नावावर. हवा आणि तारा यांचा हिशेब कारागिराच्या खात्यात गेला.

इथे चौघांनाही बरं वाटलं. “बघा, म्हटलं नव्हतं?” मला बरं वाटेना. कारण त्यांनी जे म्हटलं होतं ते हे नव्हतंच.

पॉलिश श्वास घेत नाही. तसं असतं तर मला खोकल्याचं औषध ठेवावं लागलं असतं. लाकडाचं म्हणाल तर १८६२ साली स्पेनमध्ये अंतोनिओ दे तोरेसने एक गिटार केली. आजची क्लासिकल गिटार ज्या घडणीवर उभी आहे ती घडण ज्याची, तो हा तोरेस. या गिटारीची पाठ आणि बाजू त्याने कागदाच्या लगद्याच्या केल्या, पुढची पाटी तेवढी स्प्रूसची. आवाज घडतो तो पाटीत, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत बॉब टेलरने माल वाहायच्या पॅलेटच्या फळ्यांतून गिटार केली आणि वर फ्रेटबोर्डवर फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. चेष्टा आणि उत्तर एकाच वस्तूत.

व्हायोलिनवाल्यांची फजिती याहून मोठी. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारी. वासावरून वय ओळखू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंबही लावला. सगळ्यांत जास्त पसंत पडलं ते एक नवं व्हायोलिन, आणि सगळ्यांत कमी, एक स्ट्राडिव्हारी. हे मी त्या दिवशी सांगितलं तेव्हा शिसवीवाल्याने माझ्याकडे घरचा माणूस फितूर झाल्यासारखं पाहिलं.

शिसवी लाकडाबद्दल मलाही प्रेम आहे, उगाच नाकारत नाही. आपल्या सह्याद्रीतही होणारं झाड. ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसवी घेतलं, आणि आपल्याकडच्या पलंग-कपाटांचं लाकूड जगभरच्या मैफलींत जाऊन बसलं. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात ते आल्यावर गिटार परदेशी पाठवायलाही कागदपत्रं लागू लागली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत माझ्या दोस्ताची झोप उडाली होती. पण हे सगळं झाडाचं आणि व्यापाराचं कौतुक झालं. ‘त्याला शिसवी कळत नाही’ हे परीक्षकाला उत्तर होत नाही. त्याने अर्धवट माहितीवर नावं ठेवली, यांनी तेवढ्याच माहितीवर आरती ओवाळली.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? हे विचारायला हवं होतं, त्याने आणि यांनीही. मी त्या दोस्ताला काम करताना पाहिलंय. तो पाटी रंध्याने पातळ करत जातो आणि दर थोड्या वेळाने ती दोन्ही हातांत धरून वाकवतो, मग कानाशी नेऊन बोटाच्या पेराने ठोकतो. दोन पाट्या एकाच ओंडक्यातल्या असल्या तरी सारख्या वाकत नाहीत. एक कडक निघते, ती २.४ वर नेतो. दुसरी मऊ, ती २.८ वरच सोडतो. कारखान्याला ही चैन परवडत नाही. तिथे सगळ्या पाट्या एकाच मापाच्या, आणि ते मापही सगळ्यांत दुबळी पाटी वॉरंटीच्या काळात फुटू नये असं. म्हणून तिथली कडक पाटी गरजेपेक्षा जाड राहते आणि घुमी वाजते. त्या चार दशांश मिलिमीटरचे ते पैसे. आणि त्याच चार दशांशामुळे ती गिटार हवेला जास्त हळवी. पातळ पाटी बोलतेही लवकर, रुसतेही लवकर. परीक्षकाने जो दोष म्हणून लिहिला, तो तिच्या गुणाचाच दुसरा हात होता.

खरखर ऐकायला मी शिकलो ते मात्र गिटारीवर नाही. उमेदवारीच्या दिवसांत महिन्यातून एकदा कोयना एक्स्प्रेसने मिरजेला जायचो. तिथे हत्यारांना धार आणि चकाकी देणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करू लागली, फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं नाव. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी ज्यांच्याकडे बसायचो ते चाचा नव्या-जुन्या तंबोऱ्यांची जवारी काढायचे. घोडीचा माथा कानशीने इतका हळुवार उतरवायचा की तार तिच्यावर एका जागी न टेकता निजत निजत सुटावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे, आवाज बंद डब्यासारखा. केसभर मागे, पत्र्यासारखा. मधे एक जागा अशी की तार एकटी वाजते आणि खोलीत चार जण गातायत असं वाटतं.

मी पहिल्यांदा म्हटलं होतं, “चाचा, ही तर खरखरते.” ते हसून लोळले होते. “तुमच्याकडे तार पडद्याला लागली तर रोग. आमच्याकडे घोडीला लागली नाही तर रोग. लागते कुठे ते आधी बघ ना बाबा.”

तेव्हापासून मी खरखर ऐकली की कान आधी जागा शोधतो. खालच्या चार फ्रेटवर असेल तर नेक. सगळीकडे असेल तर पाटी बसली किंवा तारा बारीक. मोकळी तारच वाजत असेल तर नटची खाच खोल. आणि एकाच जागी असेल तर तो एकच फ्रेट उंच.

गिटार मी ठेवून घेतली. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज घातला, डबी केसमध्ये नेकच्या टोकाशी ठेवली आणि केस बंद करून टाकली. ट्रस रॉडला हात लावला नाही. अशा वेळी पाना फिरवायची फार खाज येते, आणि फिरवला की पुढच्या महिन्यात उलटा फिरवावा लागतो. नवव्या दिवशी पट्टी पुन्हा डुलायला लागली. फ्रेटची टोकं लाकडात परत गेली. बाराच्या तारा चढवल्या, सातव्यावर कार्ड बसलं. मी एकेक फ्रेट वाजवत वर गेलो. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. पंधराव्यावर मात्र तार सोळाव्याला लागली.

पुन्हा वाजवलं. पुन्हा लागली. छोटी पट्टी तीन फ्रेटवर ठेवून पाहिली, सोळाव्यावर ती टकटक डुलत होती. नेक जिथे धडाला मिळतो त्याच्या पुढे बोर्ड थोडा उचललेला. हवा नाही, तारा नाहीत. हे काम करणाऱ्याचं.

गोव्याला फोन लावला.

“सोळावा,” मी म्हटलं.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “मला वाटलं होतं बसेल तो. पाठवायच्या दिवशी किंचित वाटला होता रे. मुलगा दीड वर्ष थांबला होता, त्याला आणखी आठवडा काय सांगायचा?” मग म्हणाला, “घास तू. आणि त्याला सांग.”

घासायला वीस मिनिटं लागली. सोळाव्यापासून शेवटपर्यंत सगळे एका रेषेत उतरवले, माथे पुन्हा गोल केले, पॉलिश कागद फिरवला. पण सोळाव्याशेजारी बोर्डवर मी पेन्सिलीची बारीक खूण तशीच ठेवली होती. मंडळी आली तेव्हा आधी ती दाखवली.

चौघेही खुणेकडे पाहत राहिले. शिसवीवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी गिटार मांडीवर घेतली, खालून वरपर्यंत एक सरगम घेतली, पंधराव्यावर मुद्दाम जोरात आघात केला आणि मान हलवली.

“म्हणजे तो बरोबर होता?” मुलाने विचारलं.

“एका फ्रेटपुरता. तोही त्याला सापडला नव्हता, बाकीच्या गोंगाटात बुडाला होता.”

त्याने अंगठ्याने खूण पुसली. केसमधली साबणाची डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “ही आता कायम ठेवायची का?”

“पंधरा जूनला काढून टाक.”

“आणि मग?”

“मग पाटी फुगेल, तारा वर जातील, दाबताना बोटं दुखतील. तेव्हा ये. एकटा ये मात्र, चौघांना बसायला जागा नाही इथे.”