गव्हाचे विरजण

भाव ठरविण्यापूर्वी गव्हाचे दाणे तोंडात टाकून सावकाश चावायचे, ही सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षे धान्याची आडत केलेल्या एका गृहस्थांची जुनी सवय. दाण्यांच्या लगद्याला डिंकासारखा चिवटपणा आला, की पोळीसाठी गहू उत्तम. त्या चिवटपणाला ग्लुटेन म्हणतात, हे त्यांना कळले ते दुकान मुलांच्या स्वाधीन केल्यावर, यूट्यूबवर सावरडो पावाच्या चित्रफिती पाहताना.

हा पाव बाजारच्या यीस्टविना फुगतो. पीठ व पाणी समभाग कालवून ठेवायचे. रोज त्यातले थोडे राखून बाकीचे काढायचे आणि नवे पीठ-पाणी घालायचे. पिठातलेच यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू वाढत जाऊन आठ-दहा दिवसांत विरजण तयार होते. पुढचे प्रमाण त्यांना एका वाचनात उमगले. पीठ नेहमी 100 धरायचे. पाणी 70, विरजण 20, मीठ 2 टक्के. म्हणजे 500 ग्रॅम पिठाला 350 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम विरजण, 10 ग्रॅम मीठ. बेरीज 192 होते आणि तरीही हिशेब बरोबर असतो, कारण टक्केवारी एकूण मालावर नसून भांडवलावर काढलेली असते. व्यापाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

अडले ते वेळेपाशी. चित्रफितींतली स्वयंपाकघरे थंड देशांतली. तिथे जे पीठ आठ तासांत फुगे, ते सांगलीच्या एप्रिलमध्ये चार तासांतच फुगून खचू लागे आणि पाव भाकरीसारखा चपटा निघे. तीन शिक्षक तीन वेळा सांगत आणि आपापल्या हवेपुरते तिघेही खरेच सांगत! अखेर त्यांनी घड्याळ सोडून पिठाकडे पाहायला सुरुवात केली. पीठ कुठवर चढले हे कळावे म्हणून बरणीला रबरबँड लावला, पाणी गार घेतले, विरजण निम्म्यावर आणले. बोटाने दाबलेला खळगा हळूहळू वर येऊ लागला, की भट्टी तापवायची. आपल्याकडच्या खपलीचाच पाव करण्याचा हट्टही सोडावा लागला. तिचा चिवटपणा कमी, त्यामुळे पाव उभा राहत नाही, पसरतो. चौथा हिस्सा खपली आणि बाकी मैदा, यावर तडजोड झाली.

घरातली अडचण मात्र निराळी होती. पत्नी नेमाने चौविहार करणाऱ्या. रात्री उरलेली कणीक सकाळी लाटायची नाही, ही घराची रीत. इथे तर पीठ मुद्दाम ठेवायचे आणि त्याची चव पालटण्याची वाट पाहायची! चलितरस अन्न वर्ज्य मानणाऱ्या बाईंना हे कसे रुचावे? त्यांनी वाद घातला नाही. ‘‘अहो, मुलं खातात तर करा. माझ्या ताटात नको,’’ एवढेच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘‘ते जिवंत असतं, असं तुमच्या त्या चित्रफितीतच सांगतात ना?’’

सांगतात खरे, आणि तेही अभिमानाने. लोक विरजणाला नावेसुद्धा ठेवतात. गृहस्थांपाशी उत्तर नव्हते. भट्टी मागच्या ओसरीवर गेली, भांडी वेगळी झाली. रोज काढून टाकावे लागणारे विरजण दोघांनाही खटके. म्हणून त्यांनी ते इतके थोडे राखायला सुरुवात केली, की टाकायला काही उरू नये. नातवंडे तूप लावून पाव आवडीने खात; त्या वेळी आजोबांचे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे असे.

आषाढ आला. ‘‘चातुर्मासात तरी ते घरात नको,’’ पत्नी म्हणाल्या. सॅन फ्रान्सिस्कोची एक बेकरी 1849 पासूनचे विरजण आजही चालवीत असल्याचे सांगते. हौशी लोकही आपल्या विरजणाचे वय मिरवतात. वाळवून डबीत भरले असते, तर त्यांचेही टिकले असते. ती युक्ती त्यांनी पाहिली होती. पण चौदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी सारेच विरजण पिठात मळले, मागे काही ठेवले नाही, आणि बरणी धुऊन फडताळात उपडी घातली.

श्रावणात एका दुपारी पत्नींनी दुकानातला खपलीचा भाव विचारला. आठवण कशाने झाली, असे त्यांनी म्हणताच त्या म्हणाल्या, ‘‘कार्तिकानंतर तुम्हाला लागेलच की. तोवर भाव चढेल. आत्ताच दहा किलो घेऊन ठेवू या का?’’