तो, ती, ते

इंग्रजीतील दोन अक्षरी शब्दांचा एक तक्ता आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर गेली काही वर्षे चिकटवलेला आहे. तो आमच्या नातवंडांचा. स्क्रॅबल नावाच्या खेळात हे चिमुकले शब्द फार उपयोगी पडतात आणि ते तोंडपाठ असलेला खेळाडू नसलेल्याला सहज हरवतो, असे आम्हांला सांगण्यात आले. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपासून दोन-दोनांच्या ६७६ जोड्या होऊ शकतात. त्यांपैकी सव्वाशेच्या आसपास जोड्या ब्रिटिश पद्धतीच्या यादीत शब्द म्हणून मान्य आहेत. चहाला आधण येईपर्यंत माणसाला उभ्या उभ्या काहीतरी वाचावे लागतेच. आम्ही उभयता तो तक्ता वाचू लागलो.

वाचू लागलो ते मात्र मराठी डोळ्यांनी. टी आणि ओ मिळून इंग्रजीत 'टू' होतो. आपल्या सवयीने वाचला तर 'तो'. टी-आय म्हणजे 'ती'. टी-ई म्हणजे 'ते'. त्याच ओळीने एच-ए, एच-आय, एच-ई, म्हणजे 'हा', 'ही', 'हे'. मराठीची दर्शक सर्वनामे, तीनही लिंगांत, दूरची आणि जवळची, त्या परक्या तक्त्यात जशीच्या तशी उभी होती! मग आम्हांला चाळाच लागला. एम-आय 'मी', जे-ओ 'जो', के-ए 'का', के-आय 'की', एच-ओ 'हो', एन-ए 'ना'. आज्ञार्थी क्रियापदेही सापडली: वाय-ई 'ये', जे-ए 'जा', डी-ई 'दे'. 'घे' मात्र मिळाला नाही. देणे दोन अक्षरांत उरकते, घेण्याला तीन लागतात.

इंग्रजीत या शब्दांचे अर्थ अर्थातच निराळे आहेत. 'जा' हा तिकडे होकार आहे, दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीत आफ्रिकान्समधून आलेला. 'जो' म्हणजे स्कॉटिश बोलीत प्रियकर किंवा प्रेयसी. 'का' म्हणजे प्राचीन इजिप्तच्या लोकांच्या कल्पनेतील प्राणतत्त्व. आम्ही जिथे प्रश्न विचारतो तिथे त्यांनी उत्तर ठेवले आहे. 'मी' हा पाश्चात्त्य संगीतातील तिसरा स्वर, म्हणजे आपला गंधार. आणि 'ती' व 'ते' हे दोन्ही सातव्या स्वराचेच नाव, म्हणजे आपला निषाद. त्याचे मूळ नाव 'सी' असे होते. पाचव्या 'सो'चे आणि सातव्या 'सी'चे आद्याक्षर एकच पडते, म्हणून एकोणिसाव्या शतकात सारा ग्लोव्हर या इंग्रज बाईंनी सातव्याला 'टी' करून टाकले. आपल्या सरगमीला ही अडचण कधी आली नाही. 'ना' तेवढा दोन्हीकडे नकारच राहिला आहे, आणि तो योगायोगही नव्हे. स्कॉटिश 'ना', इंग्रजी 'नो' आणि संस्कृत 'न' ही एकाच प्राचीन घराण्याची लेकरे आहेत.

सर्वांत गंमत ए-आय या जोडीची. हल्लीच्या मुलांना या दोन अक्षरांत कृत्रिम बुद्धिमत्ता दिसते, पण मोठ्या अक्षरांतील संक्षेपांना या खेळात थारा नाही. तक्त्यातील ए-आय हा दक्षिण अमेरिकेतील तीन बोटांचा, झाडाला उलटा लोंबकळणारा, अतिशय संथ प्राणी आहे. ब्राझीलच्या तूपी भाषेतून त्याच्या ओरडण्यावरून आलेले हे नाव, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार होतो 'आई'. नातवाने ही माहिती भर जेवणात सांगितली तेव्हा त्याची आई सकाळपासून तिसऱ्यांदा पोळ्या लाटायला उठली होती. पुढचे संभाषण येथे देत नाही.

हा खेळ अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकातील मंदीत बसविला आणि १९४८ पासून तो आजच्या नावाने विकला जाऊ लागला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांची पाने मोजून ठरविले. त्यामुळे सोंगट्यांत ई बारा आहेत आणि प्रत्येकीला एकच गुण, तर जे एकुलता एक आणि त्याला आठ. 'तो', 'ती', 'ते' यांना दोन-दोन गुण पडतात. 'हा', 'ही', 'हे' यांना पाच-पाच. दूरच्यापेक्षा जवळच्याला अधिक मोल, हे त्या बट्ससाहेबांच्या ध्यानीमनीही नसणार.

आणि या खेळात अर्थ माहीत असण्याची गरज मुळीच नाही. शब्द यादीत आहे की नाही, एवढाच प्रश्न. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे या खेळातले आजचे मोठे नाव. २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते; काही आठवड्यांत त्यांनी शब्दांची यादीच पाठ केली होती. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम केला. आमच्या नातवाला हे गृहस्थ देवासमान वाटतात. आम्हांला त्यांच्याविषयी आदर आहे. पण ज्या भाषेत आपण पाणीही मागू शकत नाही तिचे सगळे शब्द डोक्यात घेऊन हिंडायचे, या कल्पनेने आमच्या अंगावर काटा येतो.

कारण घरात त्याच्या उलटे चित्र आम्ही रोज पाहतो. आमची नातवंडे पाणी मराठीत मागतात, पण म्हणतात, "आजी, पाणी गरम झाला का?" दूध 'सांडला'. पुस्तक 'हरवली'. घर 'मोठा आहे'. शब्द सगळे आहेत; त्यांना जोडणारी 'ते' आणि 'हे' निघून गेली आहेत. हिंदीत दोनच लिंगे. शेजारचा मुलगा दूधाला पुल्लिंगी मानतो, पुस्तकाला स्त्रीलिंगी, आणि दोघांनाही 'वो' म्हणतो. शाळा, रिक्षा, क्रिकेट, भाजीवाला सगळे त्याच्या बाजूला, आणि आमच्या बाजूला आम्ही दोघे.

भोपाळच्या मराठी घरांना हे नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीतून, नागपुरातून, तसेच मध्य भारताच्या ग्वाल्हेर-इंदूरहून कचेऱ्यांसोबत मराठी माणसे येथे आली. तात्या टोपे यांच्या नावाची वसाहत वसली. पुढे आमचे तुलसी नगर, ज्याच्या सरकारी घरांना आणि जवळच्या इस्पितळाला जुनी माणसे अजून '१२५०' असे आकड्यानेच ओळखतात. चिरंजीवांना मिळालेल्या अशाच एका घरात आम्ही राहतो. नागपूरची मराठी, ग्वाल्हेरची मराठी आणि इंदूरची मराठी यांचे हेल निराळे होते. एकमेकांची थट्टाही चाले. पण 'ते' तिघींत होते.

'ते' गेले तर एवढे काय बिघडते, असे चिरंजीव आम्हांला विचारतात. बिघडते ते असे. दार वाजते. आतून आम्ही विचारतो, "कोण आलं?" बाहेर पुरुष आहे की स्त्री, मूल की म्हातारे, आम्हांला ठाऊक नाही, आणि आमची भाषा ते ठाऊक असल्याचा आव आणत नाही. नातू विचारतो, "कोण आला?" त्याने दार उघडण्यापूर्वीच निम्मे उत्तर देऊन टाकलेले असते. दुसरे उदाहरण आमच्याच संबंधातले. दोन पुरुष असतील तर मराठीत 'ते दोघे', दोन स्त्रिया असतील तर 'त्या दोघी', आणि एक स्त्री व एक पुरुष असतील तर 'ती दोघे'. ही 'ती' स्त्रीलिंगी नव्हे, नपुंसकलिंगाचे अनेकवचन आहे. पन्नास वर्षे संसार केलेल्या जोडप्याला आमच्या व्याकरणाने दिलेली ही जागा आहे, दोघांपैकी कोणाच्याही नावावर नसलेली. नातवंडे आमच्याविषयी बोलताना 'ते दोघे' म्हणतात तेव्हा आमच्यातली एक व्यक्ती निमूटपणे गळून जाते. कोणती, ते सांगायला नको.

इंग्रजीनेही हे सारे भोगले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखीच तीन लिंगे होती आणि 'तो-ती-ते' साठी तीन निरनिराळे शब्द. त्यांतला नपुंसकलिंगी शब्द म्हणजे आजचा 'दॅट'. पुढे नामांचे लिंगच गळाले, पण 'दॅट' तगला. संस्कृतातील 'तद्' हे त्याचे सख्खे भावंड आणि आपले 'ते' त्याच कुळातले. म्हणजे इंग्रजीत व्यवस्था मोडली आणि 'ते' वाचले. हिंदीत व्यवस्था उरली आणि 'ते' गेले. मराठी, गुजराती आणि कोकणी यांनी तिन्ही जपली आहेत. आमच्या स्वयंपाकघरात ती जपली जाणार की नाही, हे पुढच्या पाच-सात वर्षांत ठरेल. तोवर नातू कॉलेजात जाईल, आणि आम्ही कोठे असू ते असू.

तीन अक्षरी शब्दांत आणखी एक चटका बसला. त्या यादीत टी-आय-एल 'तिल' आहे, अर्थ तीळ. आणि जी-यू-आर 'गुर' आहे, अर्थ गूळ. संक्रांतीचा अख्खा तिळगूळ इंग्रजी शब्दकोशात, तीन अधिक चार असा सात गुणांचा! पण दोन्हींत ळ नाही. इंग्रजांनी हे शब्द घेतले ते हिंदीच्या हातून. 'गुड़'मधला ड़ त्यांच्या कानी र झाला. तूपही त्यांनी 'घी' म्हणून नेले. मराठीतून पोर्तुगीजांमार्फत गेलेला मुंगूस मात्र त्यांच्याकडे आठ अक्षरांचा झाला आहे. हातात सोंगट्या सातच असतात, त्यामुळे तो पटावर उतरणे कठीण. मुद्दा ळचा. माळवी आणि निमाडीत तो आहे, पण भोपाळच्या हिंदीत नाही. आम्ही 'भोपाळ' लिहितो, शहर स्वतःला 'भोपाल' म्हणवते. आम्ही अंगणात तुळस लावतो आणि राहतो तुलसी नगरात. नातीला ळ म्हणता येतो, पण तो ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा वापरते.

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही घरात एक नियम केला आहे. पटावर 'तो', 'ती' किंवा 'ते' मांडणाऱ्याने त्या लिंगाचे एक मराठी नाम, विशेषणासह, सांगायचे. बरोबर आले तर गुण दुप्पट. वाद झाल्यास निवाडा मोल्सवर्थच्या कोशाचा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण आमच्याकडे आहे, आणि त्या साहेबाने नामाचे लिंग इमानाने नोंदवले आहे. मराठी लिंगासाठी मुलांनी इंग्रजाच्या दारी जावे हे थोडे चमत्कारिक खरे. पण कोश चांगला आहे, आणि आजोबांपेक्षा छापलेल्या पानावर मुलांचा विश्वास अधिक. असो.

नियमाने मुले एका रात्रीत मराठी झाली नाहीत. पण गुणांसाठी ती काहीही करतात. संध्याकाळी फिरताना झाडे मोजणे सुरू झाले: वड तो, चिंच ती, झाड मात्र ते. (ही झाडे तशी नशिबाने उभी आहेत. २०२४ च्या जूनमध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी तुलसी नगर आणि शिवाजी नगर येथील हजारो झाडे तोडण्याचा बेत होता. लोक, विशेषतः बायका, झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला.) 'वेळ' या शब्दावर एकदा जुंपली. नातू 'मोकळा वेळ' म्हणाला, नात 'संध्याकाळची वेळ'. दोघेही बरोबर निघाल्यावर त्यांना मराठी अप्रामाणिक वाटू लागली. 'बाग' पुण्यात ती आणि कित्येकांकडे तो, हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

परवाच्या डावात नातीने टी-ई मांडले आणि म्हणाली, "मोठं नगर. नगर ते." कोश उघडावाच लागला नाही. मग तिनेच हिशेब पुढे नेला: तुळस ती, नगर ते, म्हणून तुलसी नगर ते, आणि भोपाळही ते. तिने तिन्हींचे दुप्पट गुण मागितले. नातवाने ताबडतोब हरकत घेतली, की विशेषनामे स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. ती म्हणाली, तो नियम इंग्रजी शब्दांसाठी आहे. दोघे निवाड्यासाठी आमच्याकडे पाहू लागली, आणि आम्हां दोघांचेही यावर अजून एकमत झालेले नाही.