दस्तरखानावर एकच ताट

वेगळं ताट वाढणं हा मराठीत मानही असतो आणि दूर सारणंही. पाहुण्याचं ताट वेगळं मांडलं तर तो खूष होतो. घरच्या माणसाचं मांडलं तर तो गप्प होतो. आमच्या मुस्लिम घरांत तर दस्तरखान अंथरला की लहानथोर सगळे त्याच्या चारी बाजूंनी बसतात, मधल्या भांड्यातून सगळ्यांना वाढलं जातं. एकत्र बसून खाण्यात बरकत आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या रिवाजात गेल्या काही वर्षांत एका आजारानं हळूच फट पाडली आहे. त्याला कोणी मधुमेह म्हणत नाही, 'शुगर' म्हणतात. "अब्बांना शुगर निघाली", "खालांची शुगर वाढली" ही वाक्यं हिंगोलीच्या मोहल्ल्यांत आता रोजची झाली आहेत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं त्यात दिसलं. याच पाहणीतून २०२५ साली आहाराविषयीचा लेख निघाला. आपण भारतीय दिवसभरात जी ऊर्जा खातो तिच्यातली सुमारे ६२ टक्के एकट्या कर्बोदकांतून येते, म्हणजे भात, पोळी, साखर यांतून. हे वाचून आम्हांला आश्चर्य वाटलं नाही. रेशनच्या दुकानातून काय मिळतं ते पाहिलं की पुरे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि त्यानं अनेक चुली विझता विझता वाचल्या, हे खरंच आहे. पण ते धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. पोट त्यानं भरतं. डाळ, अंडी, मांस हे ज्याचं त्यानं पाहायचं.

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी आहाराचा एक छापील कागद दिला. भात कमी, गोड बंद, तळलेलं बंद, 'ग्रिल्ड चिकन' चालेल. सोबत कृतीही होती. तिच्यात थाईम, रोझमेरी, ऑलिव्ह तेल अशी नावं होती. अम्मींनी ती आमच्याकडून वाचून घेतली आणि कागद घडी करून डब्याखाली ठेवला. त्या दिवसापासून त्या दस्तरखानावर यायच्या ना. "तुमे लोगां खाओ बेटा, मेरा बाद में देखते," म्हणायच्या आणि सगळे उठल्यावर उकडलेली भाजी आणि अर्धी पोळी घेऊन चुलीपाशी बसायच्या. जन्मभर जिनं सगळ्यांना वाढलं, ती आता एकटी जेवत होती. शुगरपेक्षा हे आम्हांला जास्त लागलं. अम्मींसाठी वेगळं काही करायचं नाही, जे त्यांना चालेल तेच सगळ्यांनी आवडीनं खावं असं काही करायचं, हे आम्ही ठरवलं.

तसं पाहिलं तर निखाऱ्यावर भाजलेलं मांस दख्खनला नवं कुठं आहे? मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबादी स्वयंपाकात सीख आहे, कबाब आहे, तापल्या दगडावर भाजायचं 'पत्थर का गोश्त' आहे. डॉक्टरांच्या कागदावरचं 'ग्रिल्ड चिकन' म्हणजे आमचीच भाजलेली मुर्गी होती. तिला तिचं नाव परत देणं आणि त्या परक्या पाल्यांच्या जागी आपला पाला शोधणं एवढंच काम होतं.

पाला आपल्याकडं थोडा आहे का! आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. यांतला वसमत तालुका हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीलाही ते मिळालं. पैनगंगेपलीकडं विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नाव काहीही असो, जुडी हिरवीगार हवी. पुदिना अंगणात येतो. आणि ते थाईम? त्याचा वास ज्या द्रव्यामुळं येतो ते थायमॉल आपल्या ओव्यातही आहे. चिमूटभर ओवा तळहातावर चोळून टाकला की थाईमची उणीव राहत नाही. ऑलिव्हच्या जागी करडईचं तेल. करडई हे मराठवाड्याचं जुनं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचा 'परभणी कुसुम' हा वाण काढला आहे. घाण्याचं तेल मिळालं तर वास आणखी चांगला.

आता प्रमाण सांगतो. एक किलो मुर्गी, कातडी काढलेली, तंगडीचे मोठे तुकडे. गावरान कोंबडी रश्श्यालाच बरी. तिचं मांस चिवट असतं, शेगडीवर ते आतून शिजेपर्यंत बाहेरून वाळतं. इथं बॉयलरच चालते. प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्यायच्या. कोथिंबिरीची एक जुडी, पुदिना तिच्या निम्मा, आठ हिरव्या मिरच्या, देशी लसणाच्या पंधरा पाकळ्या, दोन बोटं अद्रक, एक चमचा जिरे, अर्धा चमचा काळी मिरी, चिमूट ओवा. हे सगळं पाटा-वरवंट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाणी न घालता वाटायचं. त्यात एक चमचा हळद, दोन लहान चमचे मीठ, फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही दोन मोठे चमचे आणि करडईचं तेल दोन मोठे चमचे. हा झाला आमच्या आयाबायांचा 'हरा मसाला'. तो चिरांत बोटानं भरायचा आणि मुर्गी झाकून दोन ते चार तास मुरू द्यायची. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवायची. लिंबू मात्र मुरवताना घालायचं नाही, शेवटी पिळायचं. आंबट जास्त वेळ राहिलं तर मांस पिठूळ होतं.

या मसाल्यात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. गाड्यावरच्या तळलेल्या चिकनला मैदा किंवा कॉर्नफ्लोअरचं पीठ असतं, वर लाल रंग. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. आमच्या मुर्गीला वसमतची हळद आणि कोथिंबीर मिळून जो रंग येतो तो पुरेसा आहे. आणि मांसात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. लसूण, अद्रक, दही धरून सगळा हिशेब केला तरी पाच माणसांत माणशी चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त होत नाही. उलट शंभर ग्रॅम तांदळात ती पंचाहत्तर ग्रॅमच्या वर असतात.

भाजायला महागडं यंत्र लागत नाही. लोखंडी शेगडी किंवा चार विटा, आणि वर सळयांची जाळी. जाळी साध्या लोखंडाची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली तापली की तिचा धूर अंगाला वाईट. बाभळीची लाकडं पेटवून ज्वाळा पूर्ण विझू द्यायच्या आणि निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच मुर्गी ठेवायची. निखारे एका बाजूला सारायचे. आधी तुकडे त्या बाजूला ठेवून दोन्हीकडून रंग आणायचा, मग निखारे नसलेल्या बाजूला घेऊन वर पातेलं पालथं घालायचं. हाडाचे तुकडे पस्तीस-चाळीस मिनिटं घेतात. हाडाजवळ सुरी टोचली आणि पाणी स्वच्छ आलं, आत गुलाबी दिसलं नाही, की झालं. ज्यांच्याकडं तापमापी आहे त्यांनी आत ७४ अंश सेल्सिअस पाहावं. काळं पडू द्यायचं नाही. करपलेल्या मांसात अपायकारक द्रव्यं तयार होतात आणि आधी मसाल्यात मुरवल्यानं ती कमी होतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. शेगडी नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवरही होते. धुराचा वास तेवढा येत नाही.

पहिल्या शुक्रवारी ही मुर्गी केली तेव्हा मधल्या थाळ्यात तीच होती. शेजारी काकडीची दह्यातली कोशिंबीर, चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी, मेथीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. मुलांसाठी भात होता, पण बाजूला, लहान भांड्यात. आम्ही अम्मींना हाक मारली ती बसायला, वाढायला नव्हे. त्यांनी थाळा पाहिला, मुलं त्यातूनच घेतायत हे पाहिलं आणि बसल्या. एक तुकडा मोडून म्हणाल्या, "इसमें निंबू और होना." एवढंच. शुगरचं नाव त्या जेवणात कोणी काढलं नाही.

इथं दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण मोहल्ल्यात औषधापेक्षा ऐकीव गोष्टी लवकर पसरतात. ही मुर्गी खाऊन शुगर बरी होत नाही, हळदीनंही होत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. उलट, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम भाकरी-भात सोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. रोजे ठेवणाऱ्यांनी तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे त्यांनी मांस किती खायचं तेही विचारूनच. आणि भाकरीविषयी एक गैरसमज आहे. 'शुगर आहे ना, मग भाकरी कितीही खा' असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. ज्वारीत चोथा जास्त, ती चांगलीच. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं असतात. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून गहू-तांदळाच्या जागी नुसती भरडधान्यं आणली तर धोका कमी झालेला दिसला नाही, असंही २०२५ च्या त्या लेखात आहे. म्हणून अम्मींची भाकरी आम्ही बंद केली नाही, दोनाची एक केली. मुर्गी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. एरवी डाळ, अंडी, दही. रोज मुर्गी आमच्या खिशालाही झेपत नाही.

खरा प्रश्न आमच्या दावतींचा आहे. लग्न असो, अकीका असो, चाळीसावा असो, पाहुणचार आम्ही भातानं मोजतो. बिर्याणी किती देगा झाली, मीठा किती झाला, यावर यजमानाची इज्जत ठरते. आणि त्या मांडवात बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या किती जणांच्या खिशात गोळ्यांचं पाकीट असतं! नको म्हणावं तर यजमानाला वाईट वाटतं, खावं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. आम्ही बिर्याणीच्या विरोधात नाही, आम्हांलाही ती आवडते. पण मांडवाच्या कोपऱ्यात दोन जाळ्या पेटवल्या, हऱ्या मसाल्याची मुर्गी आणि कांदा-काकडी ठेवली, आणि ती 'बीमारां का खाना' म्हणून न ठेवता सगळ्यांसाठी ठेवली, तर कुणाची इज्जत कमी होईल?

आमच्या नात्यातल्या एका अकीक्यात गेल्या वर्षी हे झालं. मोहल्ल्यातल्या पोरांनीच शेगड्या सांभाळल्या. म्हाताऱ्यांपेक्षा तरण्यांचीच तिथं गर्दी जास्त झाली, त्यामुळं कोण शुगरवाला आणि कोण नाही हे कळायला मार्ग उरला नाही. अम्मी तिथं खुर्चीवर बसून पोरांना सांगत होत्या, "जलाव मत रे, सफेद राख आने दो पैले."